नऊ दिवसांचा फरक : शारजात विकलेली लँड क्रूझर आणि बेळगावात आलेली नोटीस

डिसेंबर 2024 मधली गोष्ट. बेळगावच्या टिळकवाडीतलं माझं करसल्ल्याचं ऑफिस बंद करायच्या वेळेला खानापूर तालुक्यातले एक काका-काकू आले. काकूंच्या कापडी पिशवीत तीन पासपोर्ट, एक शंभर पानी वही आणि रबर लावलेल्या पावत्यांचा गठ्ठा होता. काकांनी मोबाइल पुढे केला. त्यावर आयकर खात्याचा मेसेज होता : परदेशात तुमच्या नावे खातं असल्याची माहिती मिळाली आहे, विवरणपत्र तपासा, गरज असेल तर सुधारित भरा. मेसेज येऊन तीन आठवडे झाले होते.

"फ्रॉड असंल म्हणून सोडून दिलो होतो, ताई. मग नंदगडच्या एकालापण आलाय म्हणून कळलं."

आणि थोडं थांबून, "मी कुणाचा पैसा चोरलो नाही."

पुढच्या दीड वर्षात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नाव-गाव गाळलं आहे, रकमा गोल केल्या आहेत. खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्यांतून आखातात गेलेली एक पूर्ण पिढी आता पन्नाशी-साठीत परत येते आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मागे तिथे एखादं खातं, थोडी ग्रॅच्युइटी, एखादी गाडी राहिलेली असते. "तिथं कमावलं, तिथंच ठेवलं, त्याचा इथं काय संबंध?" असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. संबंध कधी आणि कसा येतो, ते या एका गाडीवरून नीट कळेल.

गाडी

काका मूळचे उद्यमबागेतले, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतले, टर्नर. 1999 ला शारजाला गेले, शेवटी एका वर्कशॉपचे सुपरवायझर झाले. 2012 मध्ये त्यांनी 18 हजार दिरहमला 1982 ची टोयोटा लँड क्रूझर, एफजे 40, घेतली. एका शेताच्या कडेला वाळूत उभी होती, चाकं निम्मी बुजलेली. या जातीची गाडी टोयोटाने 1984 पर्यंत काढली. आज नीट दुरुस्त केलेल्या गाडीला जगभर गिऱ्हाईक आहे. अमेरिकेत तर 25 वर्षांवरच्या गाडीला तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते, त्यामुळे आखातातल्या अशा गाड्या तिकडे जातात.

काकांनी आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी ती उघडली आणि जोडली. बाजारात मिळेनात ते भाग त्यांनी इथे करून घेतले. बेळगावात ओतकाम आणि मशिनिंगची कमतरता कधीच नव्हती. सुट्टीवर येताना जुना भाग बॅगेत घालून आणायचा, उद्यमबागेत पॅटर्न करून ओतून घ्यायचा, परत जाताना घेऊन जायचा. शंभर पानी वहीत हा सगळा हिशोब होता : दिरहम डाव्या बाजूला, रुपये उजव्या बाजूला, प्रत्येक पानावर वर "श्री". पण वहीसोबत पावत्या निम्म्याच. तिथल्या दुकानांची थर्मल कागदाची बिलं पार पांढरी पडली होती. उजेडात तिरकी धरली तरी आकडा दिसत नव्हता.

12 जुलै 2021 ला काका कायमचे परत आले. गाडी आणता येत नव्हती. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि शुल्क किमतीच्या शंभर टक्क्यांहून जास्त. ही चाळीस वर्षांची आणि डाव्या स्टिअरिंगची. भाच्याच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ती झाकून ठेवली. तिकडे वाहन नोंदणीच्या कार्डाला मुल्किया म्हणतात. तिची मुदत संपली, पुन्हा नूतनीकरण झालं नाही.

2023 च्या फेब्रुवारीत एक अमेरिकन गिऱ्हाईक आलं. काका दहा दिवसांसाठी शारजाला गेले आणि 18 फेब्रुवारीला दोन पानी करारावर सह्या झाल्या. तारीख त्यांच्या पक्की लक्षात आहे, कारण महाशिवरात्रीचा उपवास होता. किंमत 2 लाख 10 हजार दिरहम, म्हणजे साधारण 46 लाख रुपये. दहा टक्के आगाऊ, बाकी जहाजात चढवण्याआधी. जेबेल अली बंदरातून गाडी मे महिन्यात सुटली, उरलेले पैसे 25 मे 2023 ला काकांच्या तिथल्या खात्यावर जमा झाले. त्यातला एक दिरहमसुद्धा त्यांनी हलवला नव्हता. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे.

शिक्के मोजले ती रात्र

परदेशातल्या मिळकतीवर इथे कर लागतो की नाही, हे माणूस त्या आर्थिक वर्षात कुठल्या प्रकारचा निवासी होता यावर ठरतं. या प्रकरणाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 6 मध्ये तीन पायऱ्या आहेत : अनिवासी, निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला, आणि सामान्यतः निवासी. मधल्या पायरीवरच्या माणसाला परदेशातल्या मिळकतीवर इथे कर नाही, अपवाद फक्त भारतातून चालवलेल्या धंद्याचा. विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ताही त्याला भरावा लागत नाही. आखातातून परतणाऱ्याला कायद्याने दिलेली ही सवड आहे. दोन वर्षं, कधी तीन. आपल्याकडे ती कुणालाच माहीत नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस 729 किंवा त्याहून कमी असतील, तर तुम्ही मधल्या पायरीवर. काकांचं 2021-22 आणि 2022-23 यात बसत होतं. 2023-24 ला मात्र दहापैकी आठच वर्षं अनिवासी, म्हणजे सगळी भिस्त 729 वर. तीनही पासपोर्ट टेबलावर पसरून आम्ही शिक्के मोजले. परत आल्यानंतरचे 263 आणि 355, मिळून 618 दिवस. त्याआधीच्या चार सुट्ट्या, प्रत्येकी चाळीसच्या आसपास. 2020-21 मध्ये कोविडमुळे येणंच झालं नाही. बेरीज 778.

49 दिवस जास्त. काकूंना समजावून सांगताना मला जड गेलं, कारण त्या चारही सुट्ट्या गणपतीच्या होत्या. "म्हणजे गणपतीला घरी आले ते चुकलं काय?" त्यांनी विचारलं. चुकलं नव्हतंच. पण 1 एप्रिल 2023 पासून काका पूर्ण निवासी झाले, आणि जगात कुठेही झालेला नफा इथे करपात्र ठरू लागला.

प्रकरण इथेच एका प्रश्नावर येऊन थांबतं. गाडी 31 मार्च 2023 च्या आधी विकली गेली की नंतर? भांडवली नफ्यावर कर हस्तांतरणाच्या वर्षी लागतो, पैसे मिळाल्याच्या वर्षी नाही. 18 फेब्रुवारी धरली तर कर शून्य. मे धरला तर साडेसात लाख.

दहा दिवसांत काय केलं

काकांचं 2024-25 या करनिर्धारण वर्षाचं, म्हणजे 2023-24 च्या मिळकतीचं, रिटर्न तालुक्याच्या गावातल्या एका एजंटाने आयटीआर-1 मध्ये भरलं होतं. परदेशी मालमत्ता असलेल्या निवासी माणसाला तो फॉर्म चालतच नाही. एजंटाने विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. दोघांनाही तो प्रश्न आहे हेच ठाऊक नव्हतं.

आयकर खात्याला मात्र माहीत होतं. 2017 पासून भारत इतर देशांशी खात्यांची माहिती आपोआप देवाणघेवाण करतो, त्यात संयुक्त अरब अमिराती आहेत. बँकेत काकांचा करनिवास "भारत" असा नोंदवलेला, त्यामुळे शिल्लक थेट इकडे कळली. नोव्हेंबर 2024 मध्ये खात्याने अशा लोकांना मेसेज पाठवायची मोहीम घेतली. नंतर जाहीर झालेल्या आकड्यांनुसार 30,161 करदात्यांनी 29,208 कोटींची परदेशी मालमत्ता उघड केली.

तो मेसेज काकांवरचा उपकारच होता. न सांगितलेली परदेशी मालमत्ता 2015 च्या काळा पैसा कायद्यात गेली की हिशोब वेगळा. 30 टक्के कर, त्यावर कराच्या तिप्पट दंड. म्हणजे 46 लाखांवर 13 लाख 80 हजार आणि 41 लाख 40 हजार. एकूण 55 लाख 20 हजार, खात्यात होते त्याहून जास्त. नुसतं तक्त्यात न दाखवल्याचा दंडही 10 लाख आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण आमची रक्कम त्याच्या वर. आणि मुद्दाम कर चुकवला असं ठरलं तर तीन ते दहा वर्षं सक्तमजुरी. काकूंसमोर हे वाक्य मी बोलले नाही. काकांना बाहेर नेऊन सांगितलं.

एक दिलासा होता. तिथे पैसे ठेवण्यात गुन्हा काहीच नव्हता. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, कलम 6(4) प्रमाणे परदेशात राहत असताना मिळवलेली मालमत्ता परत आल्यावरही तिथेच ठेवता येते. चूक होती ती न दाखवण्याची, आणि ती सुधारित विवरणपत्राने दुरुस्त होत होती. 30 डिसेंबरला आम्ही आयटीआर-2 मध्ये ते भरलं. खातं दाखवलं. गाडीही दाखवली, कारण परदेशी मालमत्तेचा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा असतो आणि जानेवारी 2023 मध्ये गाडी काकांचीच होती. नफ्यावर कर मात्र दाखवला नाही, कारण आमच्या मते विक्री आदल्या आर्थिक वर्षातली.

गाडी न दाखवता नुसतं खातं दाखवलं असतं तर कदाचित छाननी आली नसती, असं एका सहकाऱ्याने नंतर मला सुनावलं. मला ते आजही पटत नाही. अर्धवट सांगून सुटलेला माणूस पुढची दहा वर्षं प्रत्येक पोस्टमनला घाबरतो.

छाननी

जून 2025 मध्ये कलम 143(2) ची, म्हणजे छाननीची, नोटीस आली. कामकाज फेसलेस, अधिकारी कुठल्या शहरातला ते कळत नाही, सगळं पोर्टलवर आणि इंग्रजीत. काकांना मराठी येतं, कन्नड येतं, वर्कशॉपपुरतं अरबी येतं. त्यांच्या आयुष्यातल्या आठ वर्षांचा निवाडा त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत चालला होता. म्हणून प्रत्येक उत्तर आधी त्यांना मराठीत वाचून दाखवायचं आणि मगच अपलोड करायचं, असा नेम मी ठेवला.

पहिला वाद वैयक्तिक वापराच्या वस्तूचा. कलम 2(14) प्रमाणे स्वतःच्या वापराची जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, म्हणून आपण घरची कार विकतो तेव्हा भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. हा मुद्दा आम्ही मांडला होता. पण ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 1931 च्या एका फोर्ड टूररच्या प्रकरणात ठरवलं की गाडी वापरता येण्याजोगी असणं पुरेसं नाही, ती खरोखर वापरल्याचा पुरावा हवा. 20 हजारांना घेतलेली ती गाडी 21 लाखांना विकली होती. कर्नाटकात तो निकाल बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क आमच्या गाडीला तंतोतंत लागू होता. काकांनी ती वर्षातून चार-पाच वेळा वाळूत फिरवली असेल. तोही पुरावा म्हणजे दोन फोटो. मी तो मुद्दा सोडून दिला. काकांना राग आला. त्यांच्या दृष्टीने त्या गाडीइतकं वैयक्तिक दुसरं काही नव्हतं.

दुसरा वाद जास्त धोक्याचा. अधिकाऱ्यांचं म्हणणं, करदाता मेकॅनिक, त्याने पडीक गाडी घेतली, दुरुस्त केली, नफ्याने विकली. म्हणजे हा व्यापारच. तसं ठरलं तर इंडेक्सेशन, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून धरणं, नाही, स्लॅबने आकारणी, आणि कर नऊ लाखांवर. आम्ही सांगितलं, अकरा वर्षांत एकच गाडी, ना दुकान, ना जाहिरात, ना कर्ज. वहीची सगळी पानं स्कॅन करून दिली. व्यापारी माणूस प्रत्येक पानावर नफ्याचा अंदाज मांडतो. इथे एका पानावर फक्त एवढंच होतं : "दार नीट बसलं. आवाज गेला." हा मुद्दा अधिकाऱ्यांनी मान्य केला, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिसरा वाद तारखेचा.

माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 20 प्रमाणे ठरावीक वस्तू, देण्याजोग्या स्थितीत असेल आणि करारात काही अट नसेल, तर करार होताक्षणी मालकी बदलते. पैसे किंवा ताबा नंतर दिला तरी हरकत नाही. करार शारजातला असला तरी तिथला कायदा कुणीच सिद्ध केला नव्हता, म्हणून दोन्ही बाजू याच कायद्यावर बोलत होत्या. आमच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं : गाडी आहे त्या स्थितीत विकली.

मग अधिकाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद मागितले, आणि आम्ही दिले. 2 मार्चला गिऱ्हाइकाने एक फोटो पाठवून विचारलं होतं, ही रेघ कसली? एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर सोडणाऱ्या भागाला, केसासारखी बारीक चीर होती. या इंजिनाचं हे जुनं दुखणं, बिडाचं मॅनिफोल्ड तापून-थंड होऊन शेवटी तडकतं. काकांनी लगेच उत्तर दिलं, मी नवीन करून बसवतो, मग जहाजात चढव.

जुनं मॅनिफोल्ड भाच्याने कुरिअरने इथे पाठवलं. काकांनी उद्यमबागेतल्या ओळखीच्या फौंड्रीत ओतायला दिलं. 22 मार्चला गुढीपाडवा. मोल्डिंगवाले गावी गेले ते तीन-चार दिवस आलेच नाहीत. बिल 27 मार्चचं : "कास्टिंग 1 नग, मशिनिंगसह". कुरिअरची पावती 3 एप्रिलची. भाच्याने सुट्टीच्या रविवारी, 9 एप्रिलला, ते बसवलं आणि इंजिन चालू केल्याचा व्हिडिओ पाठवला.

आता कलम 21 बघा. वस्तू देण्याजोगी करण्यासाठी विकणाऱ्याने काही करायचं बाकी असेल, तर ते होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी बदलत नाही. अधिकाऱ्यांनी ते लावलं. हस्तांतरण 9 एप्रिल 2023. नव्या आर्थिक वर्षाचे नऊ दिवस उलटलेले. जोडीला त्यांनी आमचाच तक्ता दाखवला, की 2023 मध्ये गाडी आपली असल्याचं तुम्हीच लिहिलंय. कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्ष यातला फरक आम्ही तीनदा लिहून कळवला. आदेशात त्याचा उल्लेख नाही.

फेब्रुवारी 2026 मध्ये आदेश आला. मूळ किंमत 200 ते 348 या निर्देशांकाने वाढवून साडेचार लाख. दुरुस्तीतले पावत्या असलेले चार लाख मान्य, ते वाढवून सव्वापाच. काकांच्या आठ वर्षांच्या हातकामाचं मोल शून्य, कारण स्वतःची मजुरी खर्चात धरता येत नाही. नफा छत्तीस लाखांच्या आसपास. विक्री 23 जुलै 2024 आधीची असल्याने दर जुना, 20 टक्के. कर साडेसात लाख, व्याज धरून साडेनऊच्या जवळ. तिकडे वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट मागायचा प्रश्नच नव्हता. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कलम 270ए ची दंडाची कार्यवाहीही सुरू झाली आहे.

आदेशाच्या एका परिच्छेदात करचुकवेगिरी असा शब्द आहे. इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. तारखेबद्दल दोन मतं असू शकतात, अधिकाऱ्यांचं मत निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्याने मेसेज आल्यावर स्वतः येऊन खातं दाखवलं, गाडी दाखवली, स्वतःच्या विरोधात जाणारे व्हॉट्सअ‍ॅप संवाद न खोडता दिले, त्याला चुकवेगिरी करणारा म्हणणं अन्यायाचं आहे. काकांना साडेनऊ लाखांपेक्षा तो शब्द जास्त लागला आहे.

अपील

आम्ही अपील केलं. वादातल्या रकमेच्या 20 टक्के, 1 लाख 90 हजार, भरून वसुलीला स्थगिती मागितली. लग्नाच्या पैशातले पहिले दिरहम या कारणाने इकडे आले.

मांडणी अशी. करार 18 फेब्रुवारीला पूर्ण झाला, तेव्हा दुरुस्तीची कुठलीच अट नव्हती. मॅनिफोल्डचं बोलणं 2 मार्चचं, विकल्यानंतरचं. ते काकांनी आपणहून दिलेलं वचन आहे, कराराचा भाग नाही, आणि एकदा गेलेली मालकी नंतरच्या वचनाने परत येत नाही.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट हाती लागली. भाचा जुने ईमेल शोधत होता. त्यात त्या अमेरिकन गिऱ्हाइकाने पाठवलेली विम्याची प्रत सापडली. त्याने गाडीचा स्वतःच्या नावे विमा उतरवला होता, 20 फेब्रुवारी 2023 पासून. गाडी तेव्हा शारजातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती आणि मॅनिफोल्ड तडकलेलंच होतं. माल विक्री कायद्याच्या कलम 26 प्रमाणे जोखीम मालकीबरोबर जाते. गाडी जळाली असती तर नुकसान आपलं, असं घेणाऱ्याने त्या तारखेपासूनच मानलं होतं. विमा कुणी उतरवला हे मी छाननीच्या वेळीच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ती माझी चूक. आता नियम 46ए खाली जादा पुरावा दाखल करून घ्यायचा अर्ज केला आहे, सोबत गिऱ्हाइकाचं सहीचं पत्र.

इथे नाहीच जमलं तर पुढचं अपील पणजीला, कारण बेळगाव जिल्हा आयकर न्यायाधिकरणाच्या पणजी खंडपीठाखाली येतो, आणि त्यानंतर धारवाडला उच्च न्यायालयात. काका म्हणतात, पणजीला गेलो तर चोर्ल्यावरून जाऊ, गाडी मी चालवतो.

परवा ते पुन्हा आले होते. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. तडकलेलं जुनं मॅनिफोल्ड. फौंड्रीवाल्याने पॅटर्नसाठी ठेवून घेतलं होतं, ते मागून आणलं. चिरेवर खडूने खूण करून काकांनी तारीख लिहिली होती, 2-3-2023. "हे लागंल काय, ताई?" मी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि जादा पुराव्याच्या यादीत अनुक्रमांक 7 वर नोंद केली.